सरांनी हिराला काय शिकवलं

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. महिनाभर शोकसभांमधून ‘विद्यार्थ्यांचे दैवत’ ऐकतो आहे, म्हणून हे लिहितो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या डी.एड. कॉलेजात ते आम्हाला मानसशास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे लिहून द्यायचे. ‘अध्ययन म्हणजे अनुभवाने वर्तनात होणारा टिकाऊ बदल.’ एक शब्द इकडचा तिकडे झाला की अंतर्गत गुण कापायचे, आणि जिल्हा परिषदेची नोकरी लागायची ती गुणांवरच... आम्ही सगळे हे ओळखून होतो.

सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरून आलेली हिरा तेवढी फसली. सर म्हणाले, “उदाहरण दे.” ती उठली. “सर, माझा धाकटा भाऊ गुरुजींच्या फटफटीचा आवाज आला का आंब्यावर चढतो. कोनी शिकवलं नाय त्याला. हे पन शिकनंच ना?” वर्ग खो खो हसला. त्या वर्षभरात त्या खोलीत बोललं गेलेलं ते एकमेव खरं वाक्य होतं. सर हसले नाहीत. वहीतून मान वर न काढता त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठकठक केलं. “माकड तुझा भाऊ आहे, की तू?” मी तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं वाटायचो; उभा राहिलो. “सर, तिचं उदाहरण तुमच्या व्याख्येत चपखल बसतं.” “बसा पुढारी! पत्रकं वाटून पोट भरत नाही.”

त्या सत्रात हिराला काठावरचे गुण पडले. पुन्हा तसेच पडले असते तर नोकरी हातची गेली असती. मी म्हटलं, “तक्रार करू. अर्ज मी लिहितो.” ती म्हणाली, “तुझा बाप एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात परमनंट हाय. माझी आई दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यात राबती. तू भांड बाबा, मी पाठ करते.” तिने पाठ केलं. वर्गात पुन्हा कधी हात वर केला नाही. नोकरी लागली.

फोन आला त्याच आठवड्यात सर गेल्याचं सांगायला तिच्या शाळेवर गेलो. दारातच थांबलो. एक मुलगी उठून आपल्या बोलीत काहीतरी विचारत होती. हिराने पुस्तकातून मान वर न काढता बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठकठक केलं. थेट सरांची ठकठक... तोच ठेका, तीच बेपर्वाई. मुलगी खाली बसली. सगळ्या वर्गाने हाताची घडी घातली. टिकाऊ बदल तो हाच. सरांचं एवढं मोठं यश एकाही शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

बातमी ऐकून हिरा रडायला लागली. “त्यांच्यामुळेच मी आज इथे उभी आहे,” ती म्हणाली. तिच्या पाठीमागे ती मुलगी अजून हाताची घडी घालूनच बसली होती.