घरी कोण कोण असतं

मंगळवारी सकाळी माझी पत्नी गेली.

लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसाला लवकर सोडायचे असेल तर तिचे मत मागवले जाई. हा पुन्हा तसे करील का? ती मानसशास्त्र शिकलेली होती. उत्तर मात्र ती तुरुंगात कमी आणि त्या माणसाच्या घरी जास्त शोधायची. "आत सगळेच शहाणे असतात," म्हणायची. गाडी मी चालवायचो आणि बाहेर वाचत बसायचो. एकदा विचुंबे गावात अशाच एका घरी गेलो तेव्हा ऊन फार होते, म्हणून घरच्यांनी मलाही आत बसवले.

त्या घरातला धाकटा शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केल्याबद्दल तुरुंगात होता. थोरला भाऊ बोलत होता.

"काळजी नाय मॅडम. आला का लगीन लावतो त्याचा. पोरगी बघून ठेवलीय. बायको आली का मानूस ठिकानावर येतो."

"तो कशासाठी आत आहे, हे तिला सांगितलंय?"

"मारामारी केली, आसा सांगितलाय."

"आणि या घरात कोण कोण असतं?"

तेवढ्यात त्याच्या दोन मुली शाळेतून आल्या आणि दप्तरे टाकून आजीला बिलगल्या.

"यांना त्याच्याजवळ एकट्या ठेवाल?"

आतून थोरल्याची बायको म्हणाली, "मी नाय ठेवनार. आनि त्या पोरीला पन मीच सांगते. तुमी बसा मांडव घालीत."

म्हातारीने विचारले, "माजा पोर येवढा वाईट हाय का गो बाय?"

"आई, ते मला कुणी विचारलेलं नाही. तो कुठे आणि कुणाबरोबर राहील, ते बघायला आलेय."

लग्न मोडले. या घरी त्याने परतू नये, असे पत्नीने कळवले. तो सुटल्यावर म्हातारीच त्याला घेऊन उरणला खोलीत राहायला गेली. शेजारी लहान मुले आली, त्याचे काम सुटले, तो अबोल झाला, तर फोन करायचा, असे पत्नीने तिला बजावले होते. ती करायची.

"सुधारला म्हणायचा," मी एकदा म्हणालो.

"आजपर्यंत काही झालेलं नाही," पत्नी म्हणाली. याहून मोठे वाक्य तिने त्याच्याबद्दल कधी उच्चारले नाही.

पत्नीच्या बाराव्यानंतर म्हातारीचा फोन आला. शेजारी भाडेकरू आले होते, त्यांना छोटी मुलगी होती. मी पत्नीबरोबर काम करणाऱ्या बाईंना सांगितले. त्यांनी त्याच दिवशी जाऊन दोघांची सोय दुसरीकडे करायला लावली.

म्हातारी अजून आमच्याच नंबरवर फोन करते. मी तो उचलतो आणि त्या बाईंना कळवतो.