तुरटीचं पाणी

त्या महिन्यात मी दिवसातून पंधरा-वीस वेळा थर्मामीटर बघत होते आणि घरात ताप कुणालाच नव्हता. ताप होता तो बाहेर. भवानीनगरचा मे महिना म्हणजे दुपारी ओट्यावरची स्टीलची वाटीसुद्धा हाताला चटका देते. थर्मामीटर बुडवलेलं होतं प्लास्टिकच्या डब्यात. पारा विसाच्या वर सरकला की मी फ्रीजकडं धावायची.

डब्यात होतं ॲक्सोलॉटलचं पिल्लू. नाव उच्चारायला मला तीन दिवस लागले. मुलगी पुण्याहून येताना मांडीवर थर्माकोलचा खोका धरून आली होती. मला वाटलं आइस्क्रीम. झाकण काढलं तर पाण्याच्या चार पिशव्या, आणि प्रत्येकीत करंगळीएवढं एक जनावर. चार पाय, लांब शेपूट, मानेपाशी दोन्ही बाजूंना लाल झुबक्यांसारखे कल्ले आणि तोंडावर हसू. ते हसू नसतंच म्हणे, तोंडाची ठेवणच तशी.

आबा, म्हणजे माझे सासरे, चष्मा पुसून वाकून बघत राहिले. म्हणाले, "ही पाल हाय का मासा हाय?"

"दोन्ही नाही आबा. बेडकाच्या भावकीतलं आहे."

"मग ह्याचा बेडूक कवा व्हणार?"

मुलगी म्हणाली, "होतच नाहीत आजोबा. जन्मभर पाण्यात असेच राहतात."

"म्हंजी मोटंच व्हायचं न्हाय. मज्जाय की मग," म्हणत आबा शेताकडं निघून गेले.

हॉस्टेलवरच्या बाई ओरडतात, म्हणून महिनाभर इथं ठेव, असं मुलीनं सांगितलं. वहीची चार पानं भरून सूचना लिहून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी गेलीसुद्धा. आता हे सांगायला हवं की आमच्यात मुलीनं मला काही सोपवणं म्हणजे नवलच. मोबाईल असो, कॉलेजचा फॉर्म असो, "राहू दे आई, तुला नाही कळायचं" हे ठरलेलं. मी चिडते, ती गप्प बसते, मग मी आणखी चिडते. त्यामुळं ते डबे माझ्या ओट्यावर आले तेव्हा मी आतून इतकी हरखले होते की विचारू नका. त्याच वेळी मनात पक्कं बसलं, यातलं एक जरी दगावलं तर ही पोरगी मला पुन्हा काही म्हणजे काही द्यायची नाही.

झालं! तेव्हापासून माझी झोप आणि बैठक दोन्ही गेली. सकाळी उठल्या उठल्या चहाआधी डबे. आदल्या रात्रीची घाण ड्रॉपरनं ओढून काढायची. अर्धं पाणी बदलायचं, आणि तेही नळाचं थेट नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानं त्यांचे कल्ले जळतात. म्हणून ड्रममध्ये पाणी भरून दिवसभर उघडं ठेवायचं, वर क्लोरीन मारणारे दुकानातले थेंब टाकायचे, मगच वापरायचं. डब्यात खडी घालायची नाही, गिळतात. उजेड नको, हात लावायचा नाही, साबणाच्या हातानं तर जवळसुद्धा जायचं नाही. मी ओट्यावर चारही डब्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, समोर टेबलफॅन लावला. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवल्या आणि लाईट गेली की एकेक बाटली डब्यात सोडायची. आमच्या ह्यांनी एकदा कैरीचं सरबत करायला बर्फ मागितला, तर मी असं बघितलं की ते साधंच पाणी प्यायले.

खाणं म्हणजे जिवंत किडा. आबा गांडूळखताच्या वाफ्यातून बारीक गांडुळं आणायचे. औषध फवारलेल्या उसातली नकोत म्हणून मी दहा वेळा बजावलं होतं, तर आबा म्हणाले, "आगं व्हय, कळतंय मला. म्हातारा झालो, येडा न्हाय झालो." गांडुळाचे तुकडे करताना पहिल्या दिवशी मला मळमळलं. आठ दिवसांनी मी भाजी चिरताना करते तशा गप्पा मारत करायला लागले. चिमट्यात तुकडा धरून तोंडासमोर हलवला की ते क्षणभर थांबायचं आणि मग गपकन ओढून घ्यायचं. चौघांनी खाल्लं की मला माझं जेवण गोड लागायचं. एकानं जरी तोंड फिरवलं तरी मी दिवसभर त्याच्या मागं. शेपटीचं टोक वळलंय का, कल्ले पुढं झुकलेत का, तरंगतंय का. घरातली माणसं जेवली की उपाशी राहिली, ते मात्र मला दुसऱ्यानं सांगावं लागत होतं.

मध्येच मी एक शहाणपणा केला. एकटीएकटी कंटाळत असतील म्हणून दोघांना एका डब्यात सोडलं. तासाभरात एकानं दुसऱ्याचा पुढचा पाय तोडून खाल्ला. मी डबा पदराखाली धरून एसटीनं बारामती गाठली. जनावरांचे डॉक्टर डब्यात डोकावून म्हणाले, "बाई, मी गाई-म्हशी बघतो. हे माझ्या अंगठ्याएवढंय." पण भला माणूस. पुस्तक काढून वाचलं आणि सांगितलं, वेगळं ठेवा, पाणी गार आणि स्वच्छ ठेवा, बाकी काही करू नका. मुलीला भीत भीत सांगितलं, तर ती म्हणाली, "येतो गं पाय परत." आणि खरंच पंधरा दिवसांत तिथं पांढरा कोंब आला! मी आख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला.

रोज संध्याकाळी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "दाखव," एवढंच म्हणायची. मी एकेक डबा दाखवायची. कितीदा वाटायचं, बाई गं, माझं तोंड पण बघ की. पण मग ती म्हणायची, "छान ठेवलंयस," आणि माझा राग कुठल्या कुठं.

महिना संपायला पाच दिवस राहिले होते. कालव्याचं आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं आणि नळाला गढूळ पाणी आलं. दुपारी तीनला लाईट गेली. पारा चोवीसवर, बाटल्या वितळलेल्या, फॅन बंद. मला काही सुचेना. डब्यात गार पाणी तर घालायलाच हवं, आणि ड्रममधलं पाणी मातट. आता माझं माहेर पळसदेव. तिथं लहानपणापासून धरणाचंच पाणी. पावसाळ्यात हंड्यात पाणी ओतलं की तुरटीचा खडा घेऊन सहा-सात वेळा फिरवायचा, मग गाळ खाली बसतो. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी ते कधी विचार करून केलं नाही. त्या दुपारी माझं सगळं लक्ष पाऱ्याकडं होतं आणि हात आपला फिरत होता. पाणी अर्ध्या तासात काचेसारखं नितळ झालं. मला केवढं बरं वाटलं! चारही डबे मी त्याच पाण्यानं भरले.

तासाभरानं बघते तर एक पिल्लू कडेला आपटत होतं. दुसऱ्याच्या अंगावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसत होती. सगळ्यांचे कल्ले चुरगळून पुढं आलेले. आबा नुकतेच शेतातून आले होते आणि पाय धुत होते. मी बाहेर जाऊन त्यांच्यावर तुटून पडले.

"आबा, गांडुळं कुठनं आणली तुमी? फवारलेल्यातली आणली ना? खरं सांगा! मी किती वेळा सांगितलं होतं! सगळी मेली तुमच्यामुळं!"

आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. आबांनी आत येऊन डब्यात वाकून बघितलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "तुरट लागतंय, पोरी."

तुरटीचा खडा ओट्यावरच होता, ओला. ज्या हातानं आबांकडं बोट करत होते त्याच हाताला पांढरी भुकटी लागलेली होती. 

आबांनी पाय पुसलेसुद्धा नाहीत. कॅन घेतला, गाडीला किक मारली, शेतातल्या विहिरीचं पाणी भरून वीस मिनिटांत परत आले. कॅनला ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून डबे धुतले, पिल्लं गाळणीनं अलगद उचलली आणि विहिरीच्या पाण्यात सोडली. तासातासानं पाणी बदललं. तिघं हळूहळू तळाशी बसली, त्यांचे कल्ले सुटे झाले. चौथं, ज्याला नवा पाय फुटत होता ते, दिवेलागणीला गेलं. आबांनी ते कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं. मी त्यांना चुकलं म्हणाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. पोरीला काय सांगायचं ते बग."

सात वाजले, फोन वाजला. आता ऐका माझा पराक्रम. मी पहिला डबा दाखवला, दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. मग फोन जरा हलवला, "थांब गं, रेंज नाही," म्हटलं आणि तिसराच डबा दुसऱ्या बाजूनं पुन्हा दाखवला.

"चारही मस्त," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी चहा दोनदा उतू गेला. दिवसभर मी घरात येरझाऱ्या घालत होते. सारखं मनात यायचं, तीन दिवसांनी ती येणार, तेव्हाही काय तिसराच डबा फिरवून दाखवणारेस? पुण्यात विकत मिळतात का याची चौकशीसुद्धा मी करून ठेवली होती, इतकी खाली गेले होते. आबा बाजेवरून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "बस की जरा. न्हाय तर सांगून टाक."

मी सातची वाट बघितली नाही. दुपारी मीच फोन लावला आणि श्वास न घेता सगळं ओकले. तुरटी, आबांना बोलले ते, कढीपत्ता, दोनदा दाखवलेला डबा. म्हटलं, "माझ्या हातून मेलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

  पलीकडून हुंदका ऐकू आला.

"आई, ती सहा होती."

"काय?"

"मी सहा घेतली होती. हॉस्टेलची टाकी धुतली होती, त्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली. मी बघितलंच नाही, तेच पाणी भरलं. दोन माझ्यासमोर मेली. बाई काही ओरडल्या नव्हत्या. मलाच पिल्लांना हात लावायची भीती वाटायला लागली. जेवण जाईना. रात्रभर उठून बघायचे. म्हणून तुझ्याकडं आणून टाकली."

माझ्या डोळ्यांपुढं तिचा तो येतानाचा चेहरा आला. खोका सोडतच नव्हती, डोळे सुजलेले होते. मी तेव्हा म्हटलं होतं, मोबाईल कमी बघ.

"अगं, मग आधी सांगायला काय झालं होतं तुला? इतके दिवस एकटीनं..."

"तू ओरडली असतीस."

खरं सांगायचं तर तेव्हाही माझा आवाज चढलेलाच होता. आबा बाजेवर उठून बसले होते आणि हातानं मला हळू बोल म्हणून खुणावत होते.