नळीच्या टोकापर्यंत

ही हकिकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कधी वाटलं, निवृत्त माणसाने जुन्या फायली उघडू नयेत. कधी वाटलं, समोरचा तरी कुठे विचारतोय. आता विचारणारा राहिला नाही. महिन्यापूर्वी मुखेडहून किशनरावांच्या मुलीचा, रेखाचा, फोन आला. "साहेब, बाबा गेले," ती म्हणाली, "शेवटी शेवटी तुमचं नाव लई घेत होते." लातूरच्या घरात मी फोन धरून उभा राहिलो. दुःख व्हायच्या आधी मनात आलं ते हे... नाव घेत होते म्हणजे नेमकं काय सांगत होते?

किशनराव आमच्या विद्यापीठात पंप ऑपरेटर होते आणि मी उपकुलसचिव. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती. टाक्या भरायच्या, वसतिगृहांचे व्हॉल्व्ह सोडायचे, एवढंच त्यांचं काम. पण हा माणूस सगळीकडे डोकावायचा. रिकाम्या वर्गांतले पंखे बंद करायचा, कँटीनचं खरकटं खड्ड्यात कुजवून बागेला घालायचा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत यंत्र थंड ठेवायला सोडलेलं पाणी दिवसभर गटारात जायचं, ते त्यांना बघवत नसे. एकदा माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाले, "साहेब, हे पाणी नुस्तं कोमट झालंय, घाण न्हाई झालं. त्याला गटार कशापायी दाखवून राहिलो आपण?" मी म्हणालो, "अर्ज द्या." त्यांनी दिला. मी त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारला आणि चर्चा कधीच केली नाही. खरं म्हणजे मला त्या माणसाचाच संशय यायचा. स्वतःच्या घरचं नसलेलं पाणी इतकं कोण जपतं? यात त्याचं काहीतरी असणार, असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहाची टाकी अर्धीच भरू लागली आणि कुजबुज सुरू झाली. किशनरावांनी प्रयोगशाळेमागून काळी नळी टाकलीय, ती हद्दीच्या भिंतीकडे जाते, आणि भिंतीपलीकडे त्यांच्या साडूचं शेत आहे. "मामा पर्यावरणवाले झालेत, पण साडूच्या उसापुरते," आमचा एक लिपिक म्हणाला. आम्ही हसलो. चौकशी माझ्याकडे आली. नळीच्या कडेकडेने मी गेलो. ती वेड्या बाभळीत शिरली होती. भिंत पलीकडे चाळीसेक पावलांवर दिसत होती. पँटला काटे लागले, ऊन होतं, जेवणाची वेळ झाली होती... मी मागे वळलो आणि अहवालात लिहिलं, 'नळी हद्दीबाहेर गेल्याचे प्रत्यक्ष पाहिले.' 'प्रत्यक्ष पाहिले' लिहायची आमच्या हाताला इतकी सवय, की डोळ्यांची गरजच पडत नसे.

चौकशीच्या दिवशी किशनरावांनी एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही पार टोकापर्यंत गेलते का?"

"गेलो होतो."

ते माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेले. चला, दाखवतो, असं का म्हणाले नाहीत? साहेबाला चारचौघांत खोटं पाडायचं त्यांच्या मनात नसावं. किंवा कोण ऐकणार, हे त्यांना कळलं असावं. सेवापुस्तकात ठपका बसला. बदली परीक्षा विभागाच्या गोदामात. नळी कापली गेली.

दोन पावसाळ्यांनंतर झाडं लावण्यासाठी ती बाभूळ काढली, तेव्हा नळीचं टोक दिसलं. भिंतीच्या अलीकडेच, एका आटलेल्या बोअरपाशी. भोवती खड्डा, तळाला दगड, वर खडी, वर वाळू. हाताने लावलेले थर. पाणी जमिनीत मुरवायला. मी मजुरांना म्हणालो, "बुजवून टाका." पुढे विद्यापीठाने हेच काम 'हरित परिसर' म्हणून मोठा फलक लावून केलं. फोटोत मी पुढच्या रांगेत आहे. त्या दिवशी किशनराव गोदामाच्या दारात उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला. त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक नमस्काराचा मी संशय घेतला. एकदा पेरूंची पिशवी आणून दिली, तर ती दोन दिवस टेबलाखाली तशीच पडू दिली. खड्डा मी बुजवला, हे याला ठाऊक आहे का? हा कशाची वाट बघतोय?

गेल्या वर्षी ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा सगळं कागदावर लिहून मी मुखेडला गेलो. ते पलंगावर बसून होते. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. माझ्या ग्लासात पाणी उरलं होतं. ग्लास उचलून ते त्यांनी खिडकीतल्या कढीपत्त्याच्या डब्यात ओतलं. मग विचारलं, "साहेब, काही काम हुतं का?"

"नाही, सहज आलो."

"हाव," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. ते हसू कशाचं होतं, याचाही मी एसटीत लातूरपर्यंत संशय घेत आलो.

ठपका काढावा म्हणून मी आता विद्यापीठाला लेखी कळवलं आहे. एक प्रत रेखाला पाठवली आहे. मुखेडला नेलेला कागद मात्र अजून त्याच सदऱ्याच्या खिशात आहे. कधी ग्लासात पाणी उरलं की मी ते कुंडीत घालतो आणि तो कागद काढून बघतो. घडी पडून मधल्या ओळी पुसट झाल्यात. पहिली स्पष्ट आहे... किशनराव, मी टोकापर्यंत गेलो नव्हतो.