फाट्यावरनं कुठं वळायचं

खडकेवाडीच्या सर्जेराव ओव्हाळाची आम्रपाली विद्यापीठात एम.ए. करायला गेली, तेव्हा वस्तीतल्या बायांनी तिच्या आईला, केशरबाईला, गाठून विचारलं, "काय शिकती गं पोरगी?" केशरबाईला ते नाव काही उच्चारता येईना. नागरी आणि प्रादेशिक अर्थशास्त्र! अहो, आपल्यालाच बोलताना मध्ये एकदा आवंढा गिळावा लागतो, तिथं त्या माउलीचं काय घेऊन बसलात. तिनं आपलं ठोकून दिलं, "गावं कावून ओस पडत्यात आन् शहरं कावून फुगत्यात, ते शिकती." बायांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

सर्जेराव काळी-पिवळी जीप चालवायचा, मांजरसुंब्यापासून केजपर्यंत. जीपमध्ये किती माणसं बसतात हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. जितकी चढली तितकी बसली. खडकेवाडीचा फाटा याच रस्त्यावर, मध्येच. फाट्यावर येऊन एका अंगाला वळलं की मांजरसुंबा, पुढं बीड. दुसऱ्या अंगाला वळलं की केज, पुढं अंबाजोगाई. बीड जवळ, तिथं सरकारी दवाखाना; अंबाजोगाई जवळपास दुप्पट लांब. पण अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज, आणि मेडिकल म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला निम्मं बरं तिथंच वाटतं. जीपवाल्यांनी तर आपसात ठरवूनच टाकलेलं: दुखणं बारकं तर बीड, मोठं तर अंबाजोगाई. सर्जेरावाची आई एकदा मरणाच्या दारातून त्याच मेडिकलमधून चालत घरी आली होती. त्यामुळं त्याचा तर या नियमावर काळ्या दगडावरच्या रेघेसारखा भरवसा होता.

आम्रपालीच्या पाठीवरचा नाही, तिच्या आधीचा एक मुलगा होता, पवन. बारावी होऊन पोलीस भरतीच्या नादानं रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळायचा. आम्रपाली दहावीत होती त्या वर्षी, ऐन दुपारी, बांधावर गवत कापताना त्याच्या पायाला साप चावला. एरवी जीप स्टँडवर असायची, त्या दिवशी सर्जेराव जेवायला घरी आलेला, जीप दारात. लोक म्हणाले, नशीब! पोराला मागं टाकलं, केशरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि जीप सुटली. फाट्यावर सर्जेरावानं विचारसुद्धा केला नाही. दुखणं मोठं होतं. गाडी अंबाजोगाईकडं वळली. केज यायच्या आत पवनचं डोकं आईच्या मांडीवर जड झालं.

केशरबाईनं ऊर बडवून घेतला, महिनोन्महिने नीट जेवली नाही. पण नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. उलट तो ताटावर बसून घास हातात धरून थांबला, की ती म्हणायची, "कुठं बी नेलं असतं तरी तेच झालं असतं. त्याची दोरीच तेवढी व्हती." सर्जेराव मान हलवायचा आणि घास तोंडात घालायचा. अशी वर्षं गेली. ते घर त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि हे आम्रपालीला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

विद्यापीठात दुसऱ्या वर्षी मॅडमनी फळ्यावर दोन ठिपके काढले. एक मोठं शहर, एक लहान, मध्ये खेडी. म्हणाल्या, प्रत्येक शहराची एक ओढ असते. शहर मोठं तर ओढ मोठी, आणि अंतर वाढलं की ती झपाट्यानं घटते. दोघांच्या मध्ये कुठंतरी अशी जागा येते, की तिथून अलीकडची माणसं इकडं जातात आणि पलीकडची तिकडं. आपापल्या भागात जा, एखादी गरज धरा आणि लोक तिच्यासाठी कुठं जातात ते शोधून आणा. हाच तुमचा प्रकल्प. कुणी लग्नाच्या कपड्यांचा बस्ता धरला, कुणी खतं-बियाणं. आम्रपालीनं हात वर केला. "मॅडम, पेशंट. दवाखाना."

आता तुम्ही म्हणाल, हिला दुसरं काही सुचू नये? बांगड्या धरायच्या, पुस्तकं धरायची! पण तिचा विचार सरळ होता. बाप ड्रायव्हर, त्या पट्ट्यातलं दार न् दार त्याच्या ओळखीचं. असा अभ्यास दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. पहिला नंबर काढायची हौस होती तिला, आणि हौस काही पाप नव्हे. पवन आठवला का? आठवला. तिनं त्याला बाजूला सारलं. अभ्यासात घरचं आणायचं नसतं, असं तिला तिथं शिकवलं होतं. असलं काहीतरी शिकवणाऱ्यांना खेडं नुसतं ठिपक्यासारखं दिसतं, त्याला ते तरी काय करणार?

संक्रांत झाल्यावर ती गावी आली. सर्जेरावाला कोण आनंद! मधल्या खेपा सोडून तो तिला गावोगाव न्यायला लागला. मांजरसुंब्याच्या स्टँडवर त्याचा जोडीदार उत्तरेश्वर त्याला चिडवायचा, "काय बे सर्जेराव, पोरगी कलेक्टर व्हणार म्हणत व्हतास, ही तर खानेसुमारीला निघाली!"

"तू गप बे. तुझ्या पोरानं युनिव्हर्सिटीचं गेट तरी बघितलंय का?" सर्जेराव म्हणायचा आणि ऐटीत जीप चालू करायचा.

दारात गेलं की आधी तोच बोलायचा, "जय भीम" नाहीतर "रामराम", जसं घर तसं. मग पोरीची ओळख, मग चहा, मग तिचे प्रश्न. कोण आजारी पडलं, काय झालेलं, कुठं नेलं, तिथंच का नेलं, पुढं काय झालं. तो शेजारी ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकायचा आणि ऐकायचा. ती म्हणायची, "आबा, तुमी गाडीत बसा की, दमला असाल." तो म्हणायचा, "ऐकू दे गं. मला बी कळू दे काय शिकतीस."

आणि तिनं ऐकू दिलं. सगळं इथंच बिघडलं.

एका गावात दगडाबाई नावाची म्हातारी भेटली. तिच्या नातवाला दोन वर्षांमागं साप चावला होता. "मी म्हणलं मेडिकलला न्या," दगडाबाई सांगायला लागली, "पण जीपचं डिझेल सरत आलतं. ड्रायव्हर म्हणला, आजी, एवढ्यात बीडच व्हईल. मी लई शिव्या दिल्या त्याला. पण लगीच सुई टोचली बघा, आन् पोरगं उठून बसलं." मग तिनं हाक मारली आणि मिसरूड फुटलेला पोरगा बाहेर आला. "हा बघा. आता दिवसभर गाडीवर उंडारतंय मेलं!"

सर्जेरावानं त्या पोराकडं बघितलं, पार पायापर्यंत. मग विचारलं, "कुठं चावलं व्हतं रं?"

"घोट्यावर, काका."

"लई वेळ झालता का, न्यायला?"

"झालता की. तोंडाला फेस आलता म्हणत्यात."

आम्रपालीनं ते लिहून घेतलं. तिला वाटलं, बाप मदत करतोय. पुढच्या गावात त्यानं स्वतःच विचारलं, इथं कुणाला साप चावलेला का? त्याच्या पुढच्या गावातही तेच. बीडला नेलेला वाचला. बीडला नेलेली वाचली. एक जण अंबाजोगाईला नेला, त्याची बायको दारातून उठून आत गेली, सासऱ्यानंच सांगितलं की वाटेतच संपला. पोरगी लिहीत होती, तिला आकडा जमतोय याचं बरं वाटत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती प्रत्येक दारात आपल्याच बापाला तोच निकाल पुन्हा पुन्हा ऐकवत होती, आणि हे तिच्या लक्षात आलं तेव्हा गावं संपली होती.

शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर परत येताना सर्जेरावानं फाट्यावर जीप थांबवली. उतरायचं कुणी नव्हतं, चढायचंही नव्हतं. त्यानं इंजिन बंद केलं.

"पवनला धरलास का ह्याच्यात?" त्यानं विचारलं.

"न्हाई, आबा. घरचं धरत नसत्यात."

"धर. समद्यांचं लिहिलंस, त्याचं बी लिही. अंबाजोगाईकडं नेला, पोचला न्हाई, असं लिही. आता मला एक सांग. बीडला नेला असता तर?"

"मी डॉक्टर न्हाई, आबा."

"डॉक्टरला इचारत न्हाई मी. तू एवढी गावं हिंडलीस, मी संगं हिंडलो. तुला इचारतो."

तिनं आईचंच वाक्य काढलं. "कुठं बी नेलं असतं तरी तेच—"

"आम्रे." सर्जेरावानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. "हे तुझी माय म्हणती. ती खोटं बोलती ते मला पहिल्या दिवसापासनं ठाव हाय. तिचं चालतं. तुला कशाला शिकाय धाडलं गं मी? तू तरी खरं बोल."

काय करावं त्या पोरीनं? तुम्ही-आम्ही असतो तर काहीतरी पुटपुटलो असतो, विषय बदलला असता. पण जिच्या शिक्षणासाठी बाप उन्हातान्हात जीप हाकत आला, तिच्यापुढं तो खरं सांग म्हणून हात पसरतोय म्हटल्यावर ती काय देणार?

"वाचला असता, आबा," ती म्हणाली.

तिला वाटलं तो हंबरडा फोडील, तिला जवळ घेईल, निदान तोंड लपवून रडेल. त्यानं नुसती मान हलवली, "बरं केलंस" म्हणाला आणि गाडी चालू केली. घरी येऊन हातपाय धुतले, भाकरी खाल्ली. केशरबाई म्हणाली, आज लई लवकर आलात. तो म्हणाला, काम सरलं.

आम्रपाली विद्यापीठात परत गेली. सुरुवातीला उत्तरेश्वरचा फोन यायचा, तुझा बाप फाट्यावर गाडी उभी करून बसतो, पॅसेंजर शिव्या देत उतरून जातात. मग सर्जेरावानं जीप उत्तरेश्वरच्या हवाली केली. मग तो घराबाहेर पडेना. जेवायला वाढलं की घास हातात धरून बसायचा. पण आता केशरबाईकडं म्हणायला काही नव्हतं. तिनं एकदा सवयीनं तोंड उघडलं, तर त्यानं हात वर करून तिला थांबवलं. आम्रपाली होळीला आली तेव्हा त्यानं तिला ओळख असल्यासारखं हसून दाखवलं, एवढंच.

उन्हाळ्यात निकाल लागला. मॅडमनी वर्गासमोर तिचा प्रकल्प उचलून धरला, अशी माहिती कुणी आणली नाही म्हणाल्या. ती विषयात पहिली आली. वसतिगृहाच्या पायरीवर बसून तिनं घरी फोन लावला. केशरबाईनं उचलला.

"माय, पहिली आले मी."

"बरं झालं."

"आबाला दे की फोन."

"देऊन काय करू? कानाला लावतो आन् बोलत न्हाई."

आम्रपालीला रडू फुटलं. "माय, माझ्या मनात तसलं काई नव्हतं गं. त्यांनीच मला इचारलं. खरं सांग म्हणले."

"मला बी इचारायचा," केशरबाई म्हणाली. "तोंडानं न्हाई, पण रोज इचारायचा, ताटावर बसला की. मी सांगितलं का? लेकरू सापानं नेलं माझं, ते मी गिळलं. नवरा तेवढा मी कसाबसा राखला व्हता, आम्रे. तो तू नेलास."