कडू घासाची दुरडी

आजही कुणी तळ्याकाठी तंबू ठोकून काढलेले फोटो दाखवले की मला ते धड बघवत नाहीत. नातवंडं म्हणतात, आजोबा, पाणी किती छान दिसतंय. माझी नजर मात्र काठावर कुणाचे कपडे पडलेत का, ते शोधत राहते. खात्यात जन्म गेला, खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलोही. ही एक केस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

पिशोरच्या पुढे, अभयारण्याच्या डोंगराला टेकून एक तलाव आहे. त्याचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही, कारण ती सगळी अजून तिथेच नांदताहेत. अलीकडे शहरातल्या लोकांना तंबूत झोपायची हौस आली आहे. तलावाच्या पलीकडच्या अंगाला रस्ता नाही, होडीनेच जावं लागतं, आणि म्हणूनच तिकडे जायची सगळ्यांना घाई. ती जागा अभयारण्यात येते. मुक्कामाला मनाई आहे, तसा फलकही लावलेला आहे. त्या फलकाला टेकून लोक फोटो काढतात आणि मग तंबू ठोकतात.

होळी नुकतीच झाली होती. रविवारी सकाळी मी ठाण्यात येऊन हजेरी घेत होतो, तेवढ्यात त्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. तलावावर मुक्कामाला गेलेल्या पोरांपैकी एकजण सापडत नाही, कपडे आणि मोबाइल काठावर आहेत, लवकर या. आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धं गाव पाण्याशी उभं होतं.

बेपत्ता झालेला पोरगा त्याच गावचा. वय तिशीच्या आतबाहेर. शहरात क्रांती चौकाजवळ खोली करून कित्येक वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता आणि नुकतीच त्याची अधिकारी म्हणून निवड झाली होती. गावच्या वेशीवर त्याचा भला मोठा फ्लेक्स होता, गळ्यात हार, कपाळावर गुलाल. वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. साखरपुडाही ठरला होता. नोकरीवर रुजू होण्याआधी खोलीवरच्या मित्रांना आपला तलाव दाखवावा म्हणून तो त्यांना घेऊन आला होता. मित्रांचे जबाब मी वेगवेगळे बसवून घेतले. सगळ्यांचं म्हणणं एकच. पहाटे तो पोहायला जातो म्हणून तंबूतून उठला, आम्ही झोपेतच हो म्हणालो, उन्हं आल्यावर पाहतो तर फक्त कपडे. पोरं रडून रडून बेजार झाली होती. खोटं बोलणाऱ्यांचे जबाब शब्दाला शब्द जुळतात. यांचे तसे जुळत नव्हते, म्हणून मला खरे वाटले.

त्यांना पलीकडे सोडणारा नावाडी गावातलाच, पन्नाशीचा, अबोल माणूस. मुलाच्या बापाने सगळ्यांदेखत त्याची गचांडी धरली. मनाई असताना पोरांना पलीकडे नेलं, एकालाही जीवरक्षक जॅकेट दिलं नाही, यानेच माझं लेकरू बुडवलं, अशी त्याने फिर्याद दिली. त्यात दुपारी एका खबऱ्याने कानावर घातलं की, काठावरच्या गाळाच्या जमिनीवरून या दोघांचं जुनं भांडण आहे. झालं, गावाला एवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत तरण्या पोरांनी नावाड्याची होडी कुऱ्हाडीने फोडून टाकली.

नावाड्याला मी ठाण्यात आणला. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल केला. नंतर काही लोकांनी मला विचारलं, साहेब, तुम्ही घाई केली का? मी आजही सांगतो, नाही केली. त्याने मनाईच्या जागी माणसं नेली होती, तेही जॅकेटशिवाय, हे खरंच होतं. आणि गुन्हा जामिनाचा असला तरी त्याला जामीन राहायला गावातून कुणी पुढे येईना. त्या रात्री तो गावात असता तर होडीनंतर त्याचा नंबर होता.

चौकशीत मी त्याला उलटसुलट विचारलं. भांडणाचं काढलं, दारूचं काढलं, कधी आवाज चढवून, कधी चहा पाजून. तो एकच सांगत राहिला, त्याला मी पलीकडं सोडला, सकाळी आणायला जाणार होतो, बाकी मला ठाव नाय. मग एकदा मान वर करून म्हणाला, "साहेब, त्या पोराला मीच पोहायला शिकवलं. ह्याच तळ्यात. त्यो बुडंल कसा, ह्येच मला उमजत नाय."

मी म्हणालो, पट्टीचा पोहणाराच बुडतो. म्हणालो खरं, माझं मात्र लक्ष लागेना.

तलावात गळ टाकले, जाळी ओढली, शहरातून आलेल्या पथकाचे पाणबुडे तळ चाळून वर आले. काही नाही. उन्हाळा लागला होता, पाणी तापत होतं. अशा दिवसांत पाणी प्रेत पोटात ठेवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपणहून वर सोडतं. तसंही होईना. मी काठावरून येरझारा घालायचो. जेवायला बसलो की उठायचो. पाण्यावर काही काळं दिसलं की दुर्बीण लावायचो, तर ती पाणकोंबडी निघायची. मुलाचा बाप एका दगडावर बसलेला असायचा. घरी चला म्हटलं तरी हलायचा नाही. त्याला फक्त पोराला अग्नी द्यायचा होता. ठाण्यात परत यावं तर फाटकाशी नावाड्याची बायको बसलेली. ती कधी काही मागत नव्हती. मी जीपमधून उतरलो की उभी राहायची, मी मान हलवली की परत बसायची. वरिष्ठांचे फोन वेगळेच. कुणाला काय सांगावं, मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ती दिसली नाही. मला जरा हायसं वाटलं आणि जरा चुकल्यासारखंही. मुलाच्या आईचा जबाब राहिला होता, म्हणून महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी त्यांच्या घराकडे गेलो. तर तीच बाई त्या घराच्या उंबऱ्यापुढे उभी, डोक्यावर फडक्याने झाकलेली दुरडी.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठलं-भाकरी नेतात, बळेच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. प्रेत सापडलं नव्हतं, तरी गावाने मुलाला मेलेला धरलंच होतं. नवरा लॉकअपमध्ये, होडी फुटलेली, आणि ही बाई त्याच घरी कडू घास घेऊन आली होती. मी पाहत असताना मुलाची आई बाहेर आली, दुरडीकडे न बघता म्हणाली, "न्ये माघारी. माझ्या घरात नको." नावाड्याची बायको वळली आणि आमच्या अंगावरून निघून गेली.

प्रथम मला त्यात वावगं वाटलं नाही. लेकरू मेलं असं कोणती आई मान्य करेल? शिवाय ज्याच्यावर फिर्याद केली त्याच्या घरची भाकरी कोण घेईल? पण ओसरीवर टेकलो आणि वास आला. आत चूल पेटलेली होती. भाजल्या पिठाचा, जरा गोडसर, दुधाचा वास. माझी आजी मला शाळेला तालुक्याच्या गावी पाठवताना हाच वास घरभर असायचा. ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेल्या दशम्या. त्या चार दिवस टिकतात. घरी बसून खायला कुणी दशम्या करत नाही, त्या वाटेसाठी करतात.

ओसरीच्या कोपऱ्यात एक पाहुणा बसला होता, पायाशी पिशवी. कोण म्हणून विचारलं, तर बाईचा भाऊ, घाटाखाली चाळीसगावच्या अंगाला त्याची शेती. भाच्याचं कळल्यावर धावत आला होता म्हणे आणि आता परत निघाला होता. मी म्हणालो, भाच्याचं प्रेत मिळालं नाही आणि मामा निघाला? घाट उतरून दोन-तीन तासांत घरी पोहोचणाऱ्याला एवढ्या दशम्या कशाला? तो बहिणीकडे बघायला लागला. आरोपी अडकला की आपल्या सोबत्याकडे बघतो. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते कधी चुकीचं आढळलं नाही.

मी मामाला हवालदाराबरोबर बाहेर पाठवलं आणि आत स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसलो. तवा चुलीवर होता. आवाज चढवला नाही.

"ताई," म्हटलं, "तुमचा धनी तिथे दगडावर बसलाय, पोराला अग्नी द्यायचा म्हणून. आणि आत्ता जी दुरडी घेऊन माघारी गेली, तिचा धनी माझ्या लॉकअपमध्ये आहे. आता तुम्ही बोला, नाहीतर मी उठतो."

ती दशमी उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला. मग तिने तवा उतरवला आणि तिथेच भिंतीला टेकून रडली, आवाज न करता, पदर तोंडात कोंबून.

पोरगा जिवंत होता. त्या पहाटे ओल्या अंगाने, थरथरत, परसदारातून घरात आला होता. बाप तेव्हा शेतात पाणी धरायला गेलेला. आईने त्याला कोरडे कपडे दिले, घोंगडीखाली घेतला आणि काय झालं ते ऐकून घेतलं. मग भावाला फोन करून मोटारसायकलवर बोलावलं आणि पोराला शेतातल्या वाटेने बाहेर काढलं.

"बापाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाय, साहेब. आन् फ्लेक्स त्यांनीच लावला व्हता."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संध्याकाळपर्यंत आम्ही घाट उतरून मामाच्या शेतावर पोहोचलो. पोरगा कांदे साठवायच्या चाळीत बसला होता. पळाला नाही. निवड वगैरे काही झालीच नव्हती. दोन मार्कांनी गेलं, चार मार्कांनी गेलं, असं वर्षानुवर्षं सांगून एकदा कंटाळून फोनवर झालं म्हणून बोलला होता. दुसऱ्या दिवशी वेशीवर फ्लेक्स लागला. त्याला वाटलं, आठवडाभरात खरं सांगू. तोवर सत्कार, मग मिरवणूक, मग मुलगी पाहणं. नोकरीवर कधी जाणार हा प्रश्न रोज घरात यायला लागला.

मी विचारलं, बुडाल्याचा बनाव कुणी सुचवला?

"बनाव नव्हता, साहेब. मी खरंच गेलो होतो. मधोमध गेलो, हातपाय सोडले. पण हात आपोआप चालायला लागतात. दोनदा सोडले, दोनदा चालले. लहानपणी काकांनी शिकवलंय ना."

काका म्हणजे तो नावाडी. त्याने शिकवलेल्या हातांनी पोरगा वाचला होता आणि पोरगा वाचल्याचं आईने लपवलं म्हणून नावाडी लॉकअपमध्ये होता. मला खूप राग आला होता, पोराला दोन ठेवून द्याव्यात इतका. पण त्याचा चेहरा बघून मी त्याला आधी पाणी दिलं आणि रात्रभर एक शिपाई त्याच्याजवळ बसवून ठेवला. शहरातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीण बाईंना दाखवायची व्यवस्थाही केली. तेही आमच्याच कामात मोडतं.

बापाला मी स्वतः त्या दगडावर जाऊन सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, जिवंत हाय? मग उठला, थेट वेशीवर गेला आणि कुणाचीही मदत न घेता फ्लेक्स खाली ओढला. नंतर ठाण्यात येऊन फिर्याद चुकीच्या समजुतीने दिली असा जबाब लिहून दिला आणि नावाड्याचा जामीनही तोच राहिला. मनाईच्या जागी माणसं नेल्याचं प्रकरण राहिलं, तो दंड नावाड्याने भरला, त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. आईवर काय कारवाई करायची ते मी वरिष्ठांपुढे ठेवलं. समज देऊन सोडावं असं ठरलं. कागदावर केस संपली.

नावाड्याला घरी सोडायला मी स्वतः गेलो होतो, गावात काही गडबड नको म्हणून. त्याच्या घरापुढे मुलाची आई आधीच उभी होती, डोक्यावर दुरडी. दशम्यांचा तोच वास. नावाडी तिच्याकडे न बघता आत गेला. त्याची बायको बाहेर आली. नावाड्याच्या बायकोने दुरडी घेतली, आत नेली, दशम्या काढून घेतल्या आणि दुरडी आणून परत हातात दिली.

रिकामी.

ज्याला खेड्यातली रीत माहीत नाही त्याला यात काही दिसणार नाही. शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं परत द्यायचं नसतं. काही नसलं तर चिमूटभर साखर, मूठभर ज्वारी, निदान अंगणातलं फूल तरी टाकतात. ती बाई गरीब होती, पण मूठभर ज्वारी तिच्या घरात नक्की होती. मुलाच्या आईने दुरडीत क्षणभर पाहिलं, ती काखेत घेतली आणि खाली मान घालून निघून गेली.

लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं? उकल झाली, निरपराध सुटला, पोरगा जिवंत सापडला. पोलिसाला आणखी काय हवं? मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण तपास संपला म्हणजे गावातलं संपलं असं नसतं, हे मला त्या अंगणात कळलं. आम्ही माणूस सोडवून आणतो, पण त्याची गावातली जागा त्याला परत देणं आमच्या हातात नसतं. ते फक्त त्या दोघींच्या हातात होतं.

निवृत्तीनंतर एकदा पिशोरच्या बाजाराला गेलो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावात गेलो. नावाड्याने नवी होडी केली होती, पण आता तो फक्त मासे धरतो, माणसं नेत नाही. पोरगा मामाकडेच शेती बघतो म्हणाले. मी चहा पिता पिता एकाला सहज विचारलं, त्या दोन घरांचं येणंजाणं कसं आहे? तो म्हणाला, "बोलत्यात की, साहेब. सणासुदीला ताटं बी जात्यात."

मी विचारलं, आणि परत काय येतं?

त्याला माझा प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला नाही.