अकरावं पान

आमच्या ग्रंथालयातल्या बालविभागाच्या बाईंना सगळे 'पणका' म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. त्यांचं कुठलंही बोलणं 'पण का?' या दोन शब्दांनी सुरू होतं. साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ हलवलं. पण का? शिपाई आज रजेवर आहे. पण का? सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, बाई मुद्दाम डोकं खातात. नंतर लक्षात आलं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. ते तर आणखी वाईट.

मी पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसतो. पोरं मला खिडकीकाका म्हणतात आणि बाई नुसतं 'खिडकीवाले' म्हणतात. नियम असा आहे की पुस्तक देताना आणि परत घेताना उघडून पानं बघायची. पण शाळा सुटल्यावर चाळीस पोरं एकदम खिडकीला लोंबकळली की पानं कोण मोजत बसतंय? मी मोजत नव्हतो. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मान खाली घालायला नको.

तर झालं असं. वर्षाच्या तपासणीत एका चित्रांच्या पुस्तकाच्या तिन्ही प्रतींत अकरावं पान गायब निघालं. एका घरात जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे उमटतात आणि सगळे त्यांच्या मागे मागे जातात, अशी ती गोष्ट. तिन्ही प्रतींच्या मागचे, नेणाऱ्यांच्या नावांचे कागद मी काढून बघितले. तिन्हींवर शेवटचं नाव एकच. दुसरीतली एक पोरगी, पुढचे दोन दात पडलेले. मी तिला लाडानं खिंडार म्हणायचो.

मी तिला भर गर्दीत खिडकीवर बोलावलं. "तीन पुस्तकांतून एकच पान फाडलंस? कशाला गं?"

"मला ते पान पाहिजे होतं," ती एवढंच म्हणाली आणि तिनं भोकाड पसरलं.

झालं! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की. मी तिचं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. साहेब म्हणाले, कायमचं रद्द करा.

"पण का?" बाई म्हणाल्या.

"चोरी आहे बाई. चोरीला कारण लागतं का?"

"चोरीलाच तर लागतं, खिडकीवाले."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आठवड्याभरानं बालग्रंथपालांची परिषद होती. तिथून परत येईपर्यंत काही सापडलं तर बोला, नाहीतर सोमवारी कार्ड रद्द, असं त्यांनी बाईंना बजावलं. ती पोरगी मात्र रोज यायची. तिचा मोठा भाऊ आत जाऊन पुस्तकं बदलायचा आणि ही बाहेर पायरीवर बसून राहायची. मला खिडकीतून तिच्या वेण्या दिसायच्या. मी तिकडे बघायचं टाळायचो.

प्रत्येक ग्रंथालयातून दोघांनी परिषदेला जायचं असतं. बाई बावीस वर्षं जातायत. त्यांच्याबरोबर नेहमी जाणारा कारकून जिन्यावरून पडला, म्हणून माझी वर्णी लागली. खरं सांगायचं तर मी फुकटची पिशवी, फुकटचं पेन आणि दोन दिवस खिडकीपासून सुटका, एवढ्यासाठी गेलो होतो.

तिथे पोचल्यावर कळलं की आमच्या बाई म्हणजे मोठं प्रस्थ आहे. आम्ही दारातून आत शिरलो तसा एक वक्ता दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "आल्या." बाई दुसऱ्या रांगेत बसतात. पहिलीत का नाही, असं मी विचारलं. पहिल्या रांगेतून मान वळवून मागच्यांचे चेहरे बघितले की लोकांच्या डोळ्यांवर येतं, म्हणे. पायातल्या चपला काढून, मांडीवर वही घेऊन त्या असं ऐकतात की बोलणाऱ्याची बोबडी वळते. बावीस वर्षांच्या बावीस वह्या आहेत त्यांच्याकडे. त्यांत भाषणं नसतात, नुसते प्रश्न. उत्तर मिळालं की पुढे बारीकशी बरोबरची खूण. मी हळूच वही चाळली. खुणा फार कमी होत्या.

पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी पुस्तकांच्या नुकसानीवर भाषण केलं. पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब वर-खाली होत होते. मुलं पुस्तकं फाडतात, याचं प्रमाण किती, त्यावर उपाय कोणते. टाळ्या झाल्या. बाई उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे कुठलं पान फाटतं?"

"म्हणजे?"

"किती पुस्तकं फाटतात ते कळलं. पण कुठलं पान? आणि तेच का?"

सभागृहात खसखस पिकली. ते गृहस्थ गोड हसून म्हणाले, असली माहिती कुणी ठेवत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाईंना ओळखत नाही, असं दाखवत छताकडे बघत बसलो.

चहाच्या वेळी मात्र गंमत झाली. बाई हातात कप घेऊन एकेकाला गाठत होत्या. ओल्या ठशांचं पुस्तक आहे का तुमच्याकडे? मग आत्ता फोन करून अकरावं पान बघायला सांगता का? लोक आधी हसले. मग बंदराच्या गावचे एक धिप्पाड ग्रंथपाल फोन कानावरून खाली घेत आमच्याकडे आले. "नाहीये," ते म्हणाले. "दोन प्रती आहेत. दोन्हींत नाहीये." मग आणखी एक बाई आल्या, मग आणखी एक जण. संध्याकाळपर्यंत सात गावांत फोन झाले आणि सातही ठिकाणी ते पान नव्हतं.

"आता सांगा," बाई मला म्हणाल्या, "आपली पोरगी सात गावं फिरून आली का?"

पण हार कोण मानतंय? मी म्हटलं, "मग सगळीकडची पोरं चोर आहेत."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बाईंना दहा मिनिटं दिली. बाईंकडे पडदा नाही, खांब नाहीत. बाहेरच्या पुस्तकांच्या टेबलावरून त्यांनी त्याच पुस्तकाची कोरी प्रत विकत आणली आणि मला म्हणाल्या, "खिडकीवाले, वर या. मी वाचते, तुम्ही लोकांना चित्रं दाखवा आणि पानं उलटा."

दोनशे माणसांसमोर मी पुस्तक धरून उभा राहिलो. बाई वाचायला लागल्या. ठसे खाटेखालून गेले, स्वयंपाकघरातून गेले. पुढे काय, म्हणून मीच वाकून बघायला लागलो. इतकी वर्षं हे पुस्तक मी हजारदा हाताळलं असेल, एकदाही वाचलं नव्हतं. दहाव्या पानावर ठसे एका कपाटाशी थांबले. अकरावं पान म्हणजे अख्खं कपाटाचं दारच. उजव्या कडेला, बरोबर बोटांच्या जागी, गोल मूठ काढलेली. खाली लिहिलं होतं, 'आत कोण? एक, दोन, तीन म्हण आणि पटकन ओढ!'

"एक," बाई म्हणाल्या. "दोन," सगळं सभागृह म्हणालं. "तीन!"

आणि मी ओढलं. पटकन.

टर्र!

पान माझ्या एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात. पानं शिवलेली नव्हतीच, नुसती डिंकानं चिकटवलेली. सभागृह असं हसलं की खिडक्या हादरल्या. हसून झाल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पण आत कोण आहे? दाखवा की!" मी ते पान उलटं करून दाखवलं. कोण होतं ते तुम्हाला आत्ता सांगत नाही. जिनं सगळ्यांपेक्षा जास्त वाट बघितली, तिच्या आधी तुम्हाला कसं सांगू?

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "बाई, जिंकलात. पोरं चोर नाहीत. पण आपल्या खिंडारनं तीन पानं फाडली ती फाडलीच ना? पुस्तक सांगतं म्हणून फाडली, एवढंच."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "पहिल्या प्रतीतलं पान तिला मिळालं असतं, तर तिनं दुसरी नेली असती का? आणि तिसरी? पण का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पान आधीच कुणाच्या तरी घरी सुटून राहिलं होतं. मी न बघता पुस्तक घेतलं, न बघता तिला दिलं. तिला दहाव्या पानावर कपाट दिसलं आणि थेट तेराव्यावर 'मग घरातले सगळे पोट धरून हसले'. कशाला हसले? म्हणून तिनं दुसरी प्रत नेली, मग तिसरी. मला ते पान पाहिजे होतं, असं ती म्हणाली होती. अक्षरशः तेच म्हणाली होती. मीच ते उलटं ऐकलं. मला स्वतःची शरम वाटली.

सोमवारी बाईंनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी एकच विचारलं, "पानं तपासत नव्हता तुम्ही?" मी म्हणालो, नव्हतो. तोवर बांधणीवाल्यानं मी फाडलेली प्रत जाड दोऱ्यानं शिवून दिली होती. शाळा सुटल्यावर मी ड्रॉवरमधलं कार्ड घेतलं, पुस्तक घेतलं आणि खिडकी सोडून पायरीवर गेलो. तिच्या शेजारी बसलो. गुडघे कुरकुरले.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तू फाडलं नव्हतंस. मी तुला विचारलंच नाही नीट."

तिनं कार्डाकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. थेट दहावं पान उघडलं. मग अकरावं दिसलं, तशी तिनं मूठ धरायला बोटं पुढे नेली आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, मी हळूच उलटते हं. फाटणार नाही."

ही भीती माझी देणगी होती.

"हळू नाही," मी म्हणालो. "खाली काय लिहिलंय ते वाच."

तिनं बोट ठेवून वाचलं. एक, दोन, तीन. आणि काय ओढलंय म्हणून सांगू! दोरा टिकला. कपाटात आजोबा बसले होते, कमरेला पंचा, अंगभर साबण, अंघोळ अर्धी टाकून पळालेले.

ती हसली ती हसतच सुटली, दातांच्या खिंडारातून हवा जाईपर्यंत. मग तेरावं पान वाचलं आणि पुन्हा हसली. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी वही काढून एका ओळीपुढे बरोबरची खूण केली.

"हे घरी नेऊ?" तिनं विचारलं.

"तीनदा नेलंस की."

"पण अख्खं एकदाही नाही वाचलं."

आम्ही खिडकीवर आलो. मागे रांग लागली होती, पोरं ढकलाढकली करत होती. मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून एकेक पान मोजायला लागलो.

"काका, लवकर करा ना," ती म्हणाली.

"थांब गं," मी म्हणालो, "अजून सातवंच आहे."