सात नंबरच्या कार्डावरची सही

माझ्या धाकट्या दिराला अख्खं वर्कशॉप 'होईलराव' म्हणायचं. मीही म्हणायचे, फक्त तोंडावर नाही. दार नीट लागत नाहीये? होईल हो. काच अडकलीय? होईल की! माणूस मनाने सोनं, पण काम समोर आलं की अंग चोरणार. लग्नसुद्धा असंच होईल-होईल करत राहून गेलं, नि भावजी कायमचे आमच्या घरी. ते बसच्या वर्कशॉपात फिटर, नि मी तिथेच सीटांची कव्हरं शिवते. म्हणजे घरी तेच, कामावर तेच, माझी काही सुटका नाही.

आमच्याकडची एक रीत सांगते. बस रस्त्यावर जायच्या आधी फिटरने गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचं, खालून ब्रेकचे हवेचे पाइप तपासायचे, जोडांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला की समजायचं, हवा गळतेय. सगळं बरोबर असलं तर कार्डावर 'ठीक' लिहून सही करायची, नि ते कार्ड ड्रायव्हरच्या समोर अडकवायचं. आता गंमत ऐका. सहाच्या सहा फिटरांची सही एकसारखी! एक गुंता नि दोन शेपट्या. नवा फिटर आला की हातात पाना द्यायच्या आधी त्याला ही सही शिकवायचे. कुणी केली ते देवाच्या बापालाही कळायला नको.

त्या दिवशी दुपारी भावजी माझ्या मशीनपाशी स्टुलावर बसून चहा पीत होते. गुडघे दुखतायत म्हणाले. हातात सात नंबरच्या बसचं कार्ड होतं. माझ्याच खडूच्या डब्यावर ते ठेवून त्यांनी गुंता काढला, शेपट्या सोडल्या.

"खड्ड्यात उतरलात का?" मी विचारलं.

"परवाच बघितलीय ती गाडी. होईल हो, वहिनी!"

आणि मी काय केलं? त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी फार तोंड चालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या उतारावर सात नंबरचा ब्रेक लागेना. आत तीस माणसं. ड्रायव्हर वीस वर्षं गाडी चालवणारा, बोलायला कमी नि हाताला पक्का. त्याने गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. लोकांना खरचटलं, ड्रायव्हरचं मनगट मोडलं, पण नशीब, जीव कुणाचा गेला नाही. ब्रेकचा पाइप खाली घासून घासून फाटला होता. खड्ड्यात उतरणाऱ्याला तो चष्म्याशिवाय दिसला असता.

साहेबांनी सहाही फिटरांना रांगेत उभं केलं नि कार्ड नाचवलं. "सही कुणाची?" सगळ्यांची नजर जमिनीवर. "बरं. उद्या दहापर्यंत कुणी बोललं नाही, तर मी वर लिहून पाठवतो की ड्रायव्हरने उतारावर गाडी भरधाव सोडली."

म्हणजे त्याची नोकरी गेलीच! हात त्याचा मोडला, तीस माणसं त्याने वाचवली, नि दोषी पण तोच. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर भावजींनी ताट पुढे सरकवलं. जेवेनात. मी समोर जाऊन बसले.

"भावजी, मी बघितलंय."

"माहितेय."

"मग?"

"नोकरी जाईल हो, वहिनी. या वयात कोण ठेवून घेणार मला?"

"आणि त्याला कोण ठेवून घेणार, मोडक्या हाताने? उद्या नऊपर्यंत तुमची वाट बघते. नाहीतर साहेबांपुढे मीच जाऊन उभी राहीन. माझंही सांगेन. समोर सही बघितली नि कप भरला, असं सांगेन!"

सकाळी उठले तर भावजी घरात नाहीत. पळाला की काय हा माणूस? धावत वर्कशॉप गाठलं. साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, नि आत भावजी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"साहेब, ती सही माझी आहे. मी खड्ड्यात उतरलो नव्हतो. ड्रायव्हरची काही चूक नाही."

"पुरावा काय?"

"पुरावा नाही. म्हणून तर मला यावं लागलं."

दारातच मला रडू फुटलं. मग पदराने डोळे पुसून मीही आत गेले नि माझा चहाचा गुन्हा सांगून टाकला. साहेबांनी सगळं लिहून घेतलं.

ड्रायव्हर सुटला. भावजींना सहा महिने बस धुवायची शिक्षा. पुन्हा खड्ड्यात उतरायचं असेल तर ब्रेकची नवी परीक्षा पास व्हायची. ती परीक्षा आठ वर्षं ते टाळत होते. नाही जमलं, तर निवृत्तीपर्यंत हातात ब्रश.

बाकीचे फिटर त्यांच्याशी बोलेनात. "मोठा हरिश्चंद्र!" म्हणून टोमणे मारायचे. भावजी ऐकून घ्यायचे, बस धुवायचे नि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भंगारातला एक ब्रेकचा व्हॉल्व्ह खोलून बसायचे. मी पुस्तकातून प्रश्न विचारायचे. कळत मला ढेकळं नव्हतं, पण उत्तर चुकलं की पट्टी आपटायचे. पहिल्या वेळी नापास झाले. मला वाटलं, आता म्हणतील, होईल कधीतरी. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत बसतो. वहिनी, सहावा धडा काढा."

त्याच दिवसांत मीही एक केलं. सीटखाली दिसत नाही तिथे मी एकेरी शिलाई मारत आले होते, कित्येक वर्षं. चाळीस कव्हरं उसवली नि दुहेरी शिवली. कुणाला सांगितलं नाही, आता सांगतेय.

दुसऱ्या वेळी भावजी पास झाले, अर्ध्या वयाच्या पोरांत दुसरे! मी अख्ख्या वर्कशॉपला चहा पाजला. टोमणे मारणारेही प्यायले.

खड्ड्यात परत उतरले तेव्हा पहिलीच गाडी आली सात नंबरची. चाळीस मिनिटं खाली होते. वर आले ते साबणाने माखलेले, नि कार्डावर सही केली. गुंता नाही, शेपट्या नाहीत. आडनावासकट पूर्ण नाव, दुकानाच्या पाटीवर असतं तसं ठसठशीत.

ड्रायव्हरचा हात तोवर बरा झाला होता नि तो परत सात नंबर चालवत होता. त्याने कार्ड काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"चला," ड्रायव्हर म्हणाला. "पुढे बसा, माझ्या शेजारी."

मी कसली मागे राहतेय? मीही चढले. बाजाराच्या उतारावर, ऐन त्याच जागी, त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी! ड्रायव्हरने मोडून बरा झालेला हात पुढे केला. भावजींनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मला रोज ह्याच सहीची गाडी पाहिजे," ड्रायव्हर म्हणाला.

झालं! दुसऱ्या दिवसापासून एकेक ड्रायव्हर अडून बसायला लागला. नाव कुठाय? नाव लिहा, मगच गाडी काढतो. महिन्याभरात चार फिटरांनी गुंता सोडला. राहिले एकच, सगळ्यांत जुने, ज्यांनी तो गुंता सगळ्यांना शिकवला होता. एका दुपारी ते कार्ड घेऊन भावजींकडे आले, घसा खाकरून म्हणाले, "अरे, तुझी ती पाटीवाली सही कशी करायची, दाखव जरा."

भावजींनी साबणाची बादली उचलली.

"दाखवतो की, काका. आधी खाली उतरा."

आणि माझा होईलराव पुढे नि ते म्हातारबा मागे, असे दोघं खड्ड्याच्या पायऱ्या उतरले. मी मशीन सोडून काठावर उभी राहिले, हसत होते नि डोळे पुसत होते.